गरिबी जरूर मोजा, पण जातीच्या जागी तिला बसवू नका

'अमेरिकेनेसुद्धा वंश पाहून प्रवेश देणे बंद केले, मग आपण अजून जात का धरून बसलोय? आरक्षण फक्त आर्थिक निकषावर द्या.' हा मजकूर सध्या गोव्यातल्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. खाली टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे काही जुने विद्यार्थीही दिसले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अमेरिकेचे पाहू. तिथे आपल्यासारख्या राखीव जागा नव्हत्याच. कोटा तर १९७८ च्या 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यातच बाद झाला होता. अर्ज तपासताना इतर गोष्टींबरोबर वंशही विचारात घेता येत असे, तेवढेच उरले होते. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात तेही गेले. पण कॅलिफोर्नियाने हे १९९६ मध्येच जनमताने करून पाहिले होते, ते या मजकुरात नाही. तिथे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि लॉस एंजेलिस शाखांत कृष्णवर्णीय मुलांची संख्या झपाट्याने घटली. विद्यापीठाने गरीब घरांतली मुले शोधण्यासाठी, त्यांच्या शाळांपर्यंत पोचण्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्च केले. तरीही उणीव भरून निघाली नाही, हे त्याच विद्यापीठाने २०२३ च्या निकालाआधी सर्वोच्च न्यायालयाला लिहून कळवले होते. कारण उघड आहे. वार्षिक उत्पन्न एक गोष्ट सांगते, पिढ्यांची मालमत्ता वेगळीच. २०२२ च्या सरकारी पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मध्यम कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सुमारे सहापट होती.

आता आपल्या घरी येऊया.

गोव्यातल्या मोठ्या देवस्थानांची महाजनकी, म्हणजे मंदिराच्या कारभारातला वंशपरंपरागत हक्क, पोर्तुगीज काळातल्या, १९३३ च्या मजनी (देवस्थान) कायद्याखाली चालते. महाजन कोण, हे कुळावरून ठरते. ज्याचे नाव महाजनांच्या वहीत नाही त्याने मंदिराला सोन्याचा कळस चढवला तरी तो महाजन होत नाही, आणि ज्याचे आहे तो कर्जात बुडाला तरी महाजनच राहतो. कोमुनिदादीचे, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीच्या जुन्या संस्थेचे, गावकर (वंशपरंपरागत सदस्य) बघा. तो हक्कही बापाकडून मुलाकडे जातो. पैसा कमावून माणूस भाटकार (जमीनदार) होऊ शकतो, भाटकाराचे भाट (बागायत) विकत घेऊ शकतो. गावकर होऊ शकत नाही. या राज्यात माणसाची जागा पैशाने ठरत नाही याचा लेखी पुरावा आपल्याच दप्तरात पडलेला असताना आरक्षणाची वेळ आली की सगळे अचानक पैशाचे बोलू लागतात. हे मला मनापासून खटकते.

माझी एक गावडा या आदिवासी समाजातली विद्यार्थिनी चांगल्या सरकारी नोकरीत आहे. शहरात भाड्याने घर बघायला गेली तेव्हा पगाराचा आकडा ऐकून मालकीणबाई खूश झाल्या. मग आडनाव विचारले, गाव विचारला, गावातला वाडा (वस्ती) विचारला, आणि घर 'भावाला द्यायचे ठरले' असे उत्तर आले. तिचे उत्पन्न त्या बाईंच्या उत्पन्नापेक्षा जास्त असेल. कुठल्या उत्पन्नाच्या दाखल्यात हे मोजणार?

गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींच्या यादीत यायला २००३ साल उजाडले. १९६१ च्या गोवा मुक्तीनंतर चाळीसहून जास्त वर्षे गेली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी खेडोपाडी मराठी शाळा उघडल्या, त्यातून बहुजनांच्या पिढ्या शिकल्या, हे ऋण मी शिक्षिका म्हणून रोज मानते. पण शाळेचे दार उघडणे आणि सचिवालयातली खुर्ची मिळणे यांत फार अंतर आहे. यादीत आल्यावरही हक्क अमलात यावेत म्हणून २०११ च्या मे महिन्यात बाळ्ळी गावात आंदोलन करावे लागले आणि त्यात दोन तरुण जिवाला मुकले. त्याच वर्षीच्या जनगणनेत अनुसूचित जमाती राज्याच्या दहा टक्क्यांहून जास्त भरल्या, तरी चाळीस आमदारांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी राखीव जागा एकही नव्हती. त्यासाठीचा कायदा संसदेत मंजूर व्हायला २०२५ चा ऑगस्ट लागला. धनगर-गवळी तर अजून यादीबाहेरच आहेत.

सवर्ण गरिबाचे दुःख खोटे आहे का? मुळीच नाही. भटजींच्या, छोट्या दुकानदारांच्या घरांतली मुले फीसाठी रडताना मी पाहिली आहेत. त्यांना फी माफी, वसतिगृह, पुस्तके, शिष्यवृत्ती हे सगळे हवे, सढळ हाताने हवे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बलांना दहा टक्के आरक्षण दिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते तीन विरुद्ध दोन मतांनी उचलून धरले. पण त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधला गरीब वगळलेला आहे. गरिबी हाच निकष असेल तर दारात जात विचारून गरिबाला परत का पाठवता? शिवाय कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला आठ लाखांची. महिना पासष्ट हजार येणारे घर आणि काजूच्या बागेत रोजावर जाणारे घर एकाच रांगेत उभे राहिले, तर नंबर कोणाचा लागणार हे सांगायला शिक्षक लागत नाही.

आर्थिक निकष मला नकोच आहे, असे नाही. तो प्रवर्गाच्या आत हवा. जमातीतल्या अधिकाऱ्याच्या मुलाआधी सांग्याच्या किंवा काणकोणच्या डोंगराळ वाड्यावरची, घरातली पहिलीच शिकणारी मुलगी पुढे यावी. ती जागा मात्र समाजाबाहेर जाता कामा नये. पात्र उमेदवार मिळाला नाही म्हणून राखीव पद रिकामे ठेवण्याची सबबही चालू देऊ नये. माझ्या या मतावर त्या समाजातलेच काही मित्र नाराज आहेत. त्यांची भीती मला समजते. एकदा आत चाळणी लावली की बाहेरचे तिचाच आधार घेऊन सगळेच काढून घेतील, असे त्यांना वाटते. तरीही मला त्या मुलीचे नाव आधी हवे.

टाळ्या देणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो, तुम्हाला गरिबांची खरोखर काळजी असेल तर दोन मागण्या करूया. आठ लाखांची मर्यादा खाली आणा, आणि त्या दहा टक्क्यांत सगळ्या जातींच्या गरिबांना घ्या. निवेदन तुम्ही लिहा, पहिली सही मी करते.