लेम यांच्या नावाने आमच्या मामांना टोमणा कशाला?

परवा मामांचा फोन. "काय रे, आम्ही जन्मभर नाक्यावर पावत्याच फाडल्या का?" मामा मुंबई पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. गावच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड त्यांना लागला होता. मजकूर थोडक्यात असा: न्यूयॉर्कचे डिटेक्टिव्ह जोसेफ लेम अफगाणिस्तानात शहीद झाले. तिकडे प्रत्येक पोलिसाला सैन्यात जावंच लागतं. लेमना पोलीस खात्यानेच युद्धावर धाडलं, नोकरीवर लाथ मारून ते गेले. आणि आपले पोलीस? हे भित्रे कसले सीमेवर जातात!

लेम गेले हे खरं. २१ डिसेंबर २०१५ ला बग्रामजवळ गस्तीवर असताना मोटारसायकलवरून आलेल्या आत्मघातकी हल्लेखोराने स्फोट घडवला, त्यात सहा अमेरिकी मारले गेले. लेम त्यांतले एक. ३० डिसेंबरला सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये अंत्यसंस्काराचा विधी झाला, त्याला पोलिसांची रीघ लागली होती. इथवर फॉरवर्डवाल्याशी भांडण नाही.

बाकी सगळा आनंद. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ लाच थांबली. लेमना खात्याने धाडलं नव्हतं. ते स्वतःहून एअर नॅशनल गार्ड या हवाई दलाच्या राखीव फौजेत होते, म्हणजे महिन्याचे दोन दिवस आणि वर्षाकाठी पंधरा दिवस सराव, बोलावणं आलं की गणवेश बदलायचा. मेले ते त्याच फौजेतले टेक्निकल सार्जंट म्हणून. आणि नोकरीवर लाथ? १९९४ च्या कायद्याने अशा माणसाची नोकरी साधारण पाच वर्षांपर्यंत राखून ठेवावी लागते. पण बोलावणं आलं की घर सोडून जायला लागतं, तेवढा त्याग कबूल.

आता तो 'भित्रे' शब्द. आपल्याकडे नोकरी सांभाळून लष्करात जाण्याची वाट म्हणजे टेरिटोरियल आर्मी. तिची अधिकारी भरतीची जाहिरात उघडा. पात्रतेतच लिहिलंय की भूदल, नौदल, हवाई दल, पोलीस, निमलष्करी दलं यांत सेवेत असलेल्यांना अर्ज करता येत नाही. पोलिसाला दार बंद, आणि आत का आला नाहीस म्हणून त्यालाच शिव्या!

बरं, पोलीस शत्रूसमोर मेलेच नाहीत का? २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याने दहा जणांना मारलं, ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. म्हणून तर दरवर्षी त्या तारखेला पोलीस स्मृतिदिन असतो. 'शोकशस्त्र'चा हुकूम झाला की बंदुकीची नळी खाली जाते आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली जातात. मामा सांगतात, यादी संपेपर्यंत पाय बधिर व्हायचे, पण कोणी हलायचं नाही.

तुकाराम ओंबळे आधी लष्करात होते, मग मुंबई पोलिसांत आले. कसाबची बंदूक धरली ती पोलिसाच्या वर्दीत. फॉरवर्डवाल्याला त्यांचं नाव आठवलं नाही, न्यूयॉर्कचं बरं आठवलं.

हे सगळं मामांना फोनवर सांगितलं. लेम ब्रॉन्क्समध्ये वॉरंट बजावणाऱ्या पथकात होते म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे पहाटेच्या ड्यूट्या." मग थोडं थांबून, "मागे पोरं आहेत का त्याला?"

आहेत, एक मुलगी, एक मुलगा.

"हं," म्हणाले, आणि फोन ठेवला.