सावली पायजे, अंधार न्हाई

पुण्यात फ्लॅट घेणारे लोक ऊन कुठून येतं ते विचारतात. नागवेल लावायची असेल, तर ते कुठून येत नाही हे विचारावं. आमची बाल्कनी पश्चिमेची. बिल्डरच्या माणसाने मावळतीच्या देखाव्याचे जादा पैसे लावले होते. एप्रिलात दुपारी तीननंतर तिथे कुरडया वाळतात, आणि त्या काढायला गेलेला माणूसही थोडाफार वाळून येतो.

वेल आली मिरजेकडच्या एका मित्राच्या पानमळ्यातून. तिकडे पानमळ्याचा मान देवघराच्या खालोखाल. चपला बाहेर काढूनच आत शिरायचं. आधी शेवगा, शेवरी, हादगा लावतात, आणि त्यांची सावली धरली की त्यांच्या आधाराने ही चढते. वर्षाकाठी तिला खाली उतरवून, पानं खुडलेला बुडखा वळवून मातीत पुरतात, म्हणजे बाईसाहेब नव्या दमाने वर निघतात. नात्याने ही मिऱ्याच्या वेलीची बहीण. तिखटपणाचा खुलासा तिथेच होतो.

मित्राच्या मामांनी बेणं हातात ठेवलं आणि म्हणाले, "पाव्हणं, सावली पायजे, पण अंधार न्हाई. वल पायजे, पण पाणी साचाय नगं. वारं पायजे, पण लई न्हाई."

"आणि खत, मामा?"

"घाला की. पण बेतानं."

माझ्या लग्नात मुलीकडच्यांच्या अटीसुद्धा इतक्या मोघम नव्हत्या.

खरी गंमत पाण्याची. कमी पडलं की वेल माना टाकते. जास्त झालं की मुळं कुजतात, आणि तेव्हाही ती मानाच टाकते. दोन्ही वेळा चेहरा तोच. आई फोनवर म्हणते, "तहानलीय रे बिचारी." सोसायटीचा माळी म्हणतो, "साहेब, बुडवली तुम्ही." मग मी मातीत बोट खुपसून उभा राहतो. वरचा थर कोरडा लागला तर पाणी, ओला लागला तर नुसती काळजी. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांवर पाणीही फवारावं लागतं. त्यासाठी इस्त्रीची बाटली पळवल्यापासून माझे शर्ट चुरगळलेले आणि वेल मात्र टवटवीत.

उन्हासाठी हिरवी शेडनेट लावली, तर सोसायटीची नोटीस आली: इमारतीच्या दर्शनी भागाची शोभा जाते. ज्यांच्या सहीने ती आली, त्यांच्या बाल्कनीत जुना कूलर, मोडकी सायकल आणि दोन गाद्या शोभेला आहेत. पण शेडनेट उतरली. वेलीला सावली म्हणून मी जुनी चादर वाळत घालायला लागलो. ती चादर कधीच वाळत नाही, असं खालच्या काकूंच्या लक्षात आलंय. त्या बोलत नाहीत, कारण श्रावणात सत्यनारायणाला पानं माझ्याकडूनच जातात. तीही देठासकट, न फाटलेली आणि एका मापाची. पूजेचा प्रसाद येतो. पानं परत येत नाहीत. जेवणानंतर विडा खायची माझी हौस अजून कोपऱ्यावरचा पानवाला भागवतो.

मग समोरच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवर उभा राहू लागला. हवा जाणार, उजेड जाणार म्हणून सोसायटी पेटली. निवेदनावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीही. पण मजल्यामागून मजला चढत होता तसतशी माझ्या कुंडीवर दुपारची सावली आयती पसरत होती. सभेत मी चेहरा पाडून बसायचो आणि घरी येऊन नवी पालवी बघायचो. चादर घडी होऊन कपाटात गेली.

गेल्या महिन्यात त्या टॉवरला काचा बसल्या. वरून खालपर्यंत निळ्या, चकचकीत. आता सकाळी आमच्या इमारतीमागून येणारं ऊन त्या काचांवर आपटून थेट माझ्या कुंडीवर उतरतं. मामांना फोन केला, "मामा, आमच्याकडे सूर्य पश्चिमेला उगवतोय."

मामा म्हणाले, "मग पाव्हणं, शेवगा लावा."