घोडीचं पोट ‘साफ’ करू नका

काल संध्याकाळी नागपुरात सक्करदऱ्याला मामाकडे गेले, तर तबेल्याच्या दारात बादलीत गहू भिजत घातलेला. फुगून काठापर्यंत आलेला, कोरडा असताना ३ किलो. कारण, मोबाइलवर फिरणारा मेसेज: घोड्याच्या पोटातले जंतू हेच सगळ्या रोगांचं मूळ, महिन्यातून एक दिवस घोडा पूर्ण उपाशी ठेवा, रात्री भिजवलेला गहू आणि गूळ पोटभर चारा, वरून ताक-तेल बाटलीनं पाजा, घोडा लोळायला लागला की समजा पोट मोकळं होतंय. मामाला तो चौघांनी पाठवलेला. त्याची घोडी वरातीला जाते, घर तिच्यावर चालतं.

जंतू मारायचे म्हणे! घोड्याला गवताचा चोथा स्वतः पचवताच येत नाही. ते काम मागच्या आतड्यातले जिवाणू करतात, आणि चारा खाणाऱ्या घोड्याला निम्म्याहून अधिक ऊर्जा त्यांच्याकडूनच मिळते. ते गेले तर पुढ्यात गवत असूनही घोडा उपाशी.

आता गहू. घोड्याचं जठर लहान, त्यात एकदम घातलेलं धान्य धड न पचता पुढे ढकललं जातं. धान्यातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, मागच्या आतड्यात पोहोचलं की लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू झपाट्यानं वाढतात, आम्लता चढते, चोथा पचवणारे मरतात, त्यांच्यातलं विष रक्तात जातं. मग पोटशूळ, नाहीतर खुराच्या आतली सूज, ज्याला लॅमिनायटिस म्हणतात. त्यात घोडा कायमचा लंगडा होऊ शकतो. एका वेळी वजनाच्या किलोमागे साधारण १ ग्रॅमच पिष्ट द्यावं, असं आहारतज्ज्ञ सांगतात. मामाची घोडी ३५० किलोची धरा, म्हणजे ३५० ग्रॅम. ३ किलो गव्हात पावणेदोन किलोच्या वर पिष्ट असतं. पाचपट! तेही दिवसभर उपाशी ठेवलेल्या जनावराला, आणि वर गूळ. हे लिहिणाऱ्यानं कधी घोडा पाळला असेल असं मला वाटत नाही.

ताकाचं अर्धंमुर्धं मान्य करते. बाहेरून दिलेल्या सूक्ष्मजीवांचा उपयोग होऊ शकतो. जिवंत यीस्टनं चोथ्याचं पचन सुधारल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. पण कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली नवजात शिंगरांना जुलाब होऊ नयेत म्हणून लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दही-ताकात असतात त्या गटातला जिवाणू, दिला, तोही घोड्याच्याच पोटातून मिळवलेला, तर ती शिंगरं जास्त जुलाबली. ‘चांगले जंतू’ म्हटलं की झालं, असं नसतं.

बाटलीनं तेल पाजू नका. घोटभर श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया.

आणि सगळ्यात घातक त्या मेसेजचं शेवटचं वाक्य, घोडा लोळला की पोट मोकळं होतंय. धुळीत मजेनं लोळून अंग झटकणारी घोडी वेगळी. पण घाम फुटलेला, पुढच्या पायानं जमीन उकरतेय, वळून कुशीकडे बघतेय, लीद बंद, आणि पुन्हा पुन्हा लोळतेय, तर तो पोटशूळ आहे. घोड्याला उलटी होत नाही, जठर फुटूही शकतं. मेसेजवर विश्वासून तुम्ही खूश होऊन बघत बसाल, तेवढ्या वेळात डॉक्टर आला असता. इथे सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे न्या.

गहू मी घोडीपासून लांब नेऊन ठेवला. मामानं गवताची पेंढी सोडली. ती चघळत असताना मी त्याला तिच्या कुशीला कान लावायला लावला. आत गुडगुड चालू होती. मामा, रोज असा कान लाव. दोन्ही कुशी गप्प लागल्या तर मला नाही, आधी डॉक्टरला फोन कर.