दुकानदाराला कर भरायचा असतो, पण त्याला नीट कोणी सांगत नाही

"हे व्यापारी सगळे कर बुडवतात" असं सरसकट बोलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मी नाशिकमध्ये लहान दुकानांचे आणि घरगुती उद्योगांचे जमाखर्च लिहिते. रविवार कारंजाजवळचे भांडीवाले, सिडकोतले झेरॉक्सवाले, इंदिरानगरला घरून मसाले विकणाऱ्या ताई, अंबडला शेड भाड्याने घेऊन दोन लेथवर जॉबवर्क करणारी पोरं, ही माझी माणसं. यातल्या बहुतेकांना कर भरायचा असतो. पण कोणता कर कोणाचा, तो कधी आणि कुठे भरायचा, हे एका जागी बसून साध्या मराठीत सांगणारं कोणी त्यांना भेटत नाही. नोटीस आली की माणूस घाबरतो आणि जो पहिला एजंट भेटेल त्याच्या हातात सगळे कागद देऊन मोकळा होतो.

ज्यांनी जकातीचा काळ पाहिलाय त्यांना आठवत असेल. माल शहरात येताना नाक्यावर थांबायचा, पावती फाटायची, विषय संपायचा. २०१३ मध्ये नाशिकला जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आली आणि हिशोब ठेवण्याची जबाबदारी पहिल्यांदा थेट दुकानात आली. व्यापाऱ्यांनी तेव्हा बंद पाळले, मोर्चे काढले. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांची एलबीटी माफ झाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. इतक्या थोड्या वर्षांत तीन पद्धती बदलल्या. प्रत्येक वेळी नियम बदलले, फॉर्म बदलले. दुकानदाराला शिकवण्याची सोय मात्र त्या वेगाने झाली नाही, आणि आजही माझ्या मते खरी अडचण तीच आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ व्यवसाय कराचा. हा महापालिकेचा कर नाही, राज्य सरकारचा आहे. १९७५ च्या कायद्याचा. यात दोन वेगळ्या नोंदण्या असतात आणि त्या दोन आहेत हेच निम्म्या लोकांना माहीत नसतं. एक पीटीईसी, म्हणजे मालकाचा स्वतःचा कर. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला तो वर्षाला २५०० रुपये, आणि आधीपासून नाव नोंदलेलं असेल तर ३० जूनच्या आत. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचा वेगळा. दुसरी पीटीआरसी. ती पगारी माणसं ठेवणाऱ्याची. कामावरच्या पुरुषाचा पगार महिना १० हजारांच्या वर असेल तर त्यातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापून मालकाने सरकारला भरायचे. बाईच्या पगाराला २५ हजारांपर्यंत काहीच कापायचं नाही, हे एप्रिल २०२३ पासून आहे. आजही काही दुकानांत बायकांच्या १२-१५ हजारांच्या पगारातून २०० रुपये कापलेले मला दिसतात. मालकाची नियत वाईट नसते, जुन्या वहीत तसं लिहिलेलं असतं म्हणून कापतात. पण त्या बाईचे पैसे जातात ना! तुमच्याकडे असं होत असेल तर आज थांबवा आणि कापलेले परत द्या.

अजून दोन गोष्टी, ज्या मला वाटतं प्रत्येक दुकानात कळायला हव्यात. पीटीईसीचे चार वर्षांचे १०,००० रुपये एकदम आगाऊ भरले तर पाच वर्षांची जबाबदारी संपते. आणि ६५ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला हा कर लागूच होत नाही. मेन रोडच्या आसपास सत्तरी ओलांडलेले कितीतरी दुकानदार अजून गल्ल्यावर बसतात. त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं.

जीएसटीबद्दल फार लांबण लावत नाही, पण दोन मुद्दे सांगितल्याशिवाय राहवत नाही. माल विकणाऱ्याला उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. सेवा देणाऱ्याला ही मर्यादा २० लाख आहे. परराज्यात माल विकला तर मात्र हिशोब बदलतो, तेव्हा आपलं गिऱ्हाईक कुठलं आहे ते आधी बघा. वर्षाची उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर कम्पोझिशनचा, म्हणजे उलाढालीवर सरळ ठरावीक टक्के कर भरण्याचा, पर्याय आहे. दुकानदाराला १ टक्का, हॉटेलवाल्याला ५ टक्के, तीन महिन्यांनी एकदा भरणा आणि वर्षातून एक विवरणपत्र. मात्र कम्पोझिशनमध्ये असताना बिलावर गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि आपण घेतलेल्या मालावरच्या कराची वजावट मिळत नाही. मोठ्या कंपनीला माल देणाऱ्या अंबडच्या पोरांना हे परवडत नाही, कारण बिलावर कर नसला की समोरच्या कंपनीलाही वजावट मिळत नाही, आणि तिला ती हवी असते. गल्लीतल्या किराणा दुकानाला ते फार सोयीचं आहे. म्हणून "सगळे घेतात म्हणून मी पण" असं करू नका. आपला माल कोण घेतं ते बघून ठरवा.

दुसरा मुद्दा भाड्याचा. जागामालकाची जीएसटी नोंदणी नाही आणि आपली आहे, तर ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या भाड्यावरचा कर आपल्याला भरावा लागतो. कम्पोझिशनवाल्यांना पुढे यातून सूट मिळाली. पण नियमित नोंदणी असलेल्या कितीतरी जणांना हे वर्ष संपताना कळलं आणि व्याजासकट भरावं लागलं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते.

तुमचं लॉगिन तुमच्या हातात ठेवा. कृपा करून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या नव्या दुकानदारांना मी आधी हेच विचारते की जीएसटीच्या नोंदणीला मोबाइल नंबर आणि ईमेल कोणाचा दिलाय. अनेकदा तो आधीच्या एजंटचा निघतो. मग विभागाचा प्रत्येक मेसेज, प्रत्येक नोटीस त्या एजंटच्या फोनवर. दुकानदाराला वाटतं सगळं व्यवस्थित चालू आहे, कारण तो दर महिन्याला पैसे देतोय. एका मसालेवाल्या ताईंच्या बाबतीत तर सलग विवरणपत्रं भरलीच गेली नव्हती. नोंदणी रद्द झाली, हे त्यांना एका घाऊक व्यापाऱ्याने बिल परत केलं तेव्हा कळलं. त्या बाईने एकही महिना फी चुकवली नव्हती. दुकान लहान असलं तरी नाव तिचं आहे, सही तिची आहे आणि दंडही तिच्याच नावावर पडतो. तो कमी झाला तरी गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

चांगले सल्लागार आहेत, माझ्या ओळखीत खूप आहेत आणि त्यांची फी योग्य आहे. पण चांगला सल्लागार तुमचा पासवर्ड लपवून ठेवत नाही. भरणा झाला की चलनाची प्रत मागा, विवरणपत्राची पोच मागा, त्यांची एक फाइल दुकानात ठेवा. व्यवहारच झाला नसेल तर शून्य विवरणपत्र नोंदणीकृत मोबाइलवरून १४४०९ वर एसएमएस करूनही भरता येतं. त्याला कोणाची गरज नाही. उशीर झाला तर शून्य विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये लागतात, हे मात्र विसरू नका.

महापालिकेकडे आपला संबंध मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टीचा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढलं की तेवढ्या भागाचा वापर अनिवासी ठरतो आणि दर वाढतो. २०१८ च्या करवाढीने शहरात केवढा गदारोळ झाला होता ते सगळ्यांना आठवतं, आणि नवीन बांधकामात गाळा घेणाऱ्याला त्याची झळ आजही बसते. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४. बँकेच्या कर्जालाही सहसा एवढं व्याज नसतं. तेव्हा पैसे अडकलेच तर घरपट्टी मागे ठेवू नका. गाळा भाड्याचा असेल तर घरपट्टी कोण भरणार हे करारात स्पष्ट लिहून घ्या. आकारणी चुकीची वाटत असेल तर नोटिशीवर हरकतीची मुदत छापलेली असते, त्या मुदतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं ऐकून कोणी आकडा बदलत नाही.

घेण्याच्या बाजूलाही बरंच काही आहे आणि तिथे आपण फारच मागे राहतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅनवर, घरबसल्या होते, दरवर्षी नूतनीकरण लागत नाही. तरीही तिचे हजारो रुपये घेणारे लोक शहरात आहेत आणि तशाच दिसणाऱ्या खासगी वेबसाइटही आहेत. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं, तेवढं बघा. सातपूर-अंबडच्या जॉबवर्कवाल्यांसाठी ही नोंदणी सोन्यासारखी आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, हे २००६ च्या कायद्यात आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खर्चाची आयकरातली वजावट समोरच्या कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती अशा थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेपुढे जाते. पोरं म्हणतात, ताई, तक्रार केली तर पुढचं काम बंद होईल. भीती खरी आहे. पण बिलावर उद्यम क्रमांक छापायला तर कोणाची हरकत नाही? नुसत्या तेवढ्याने काही ठिकाणी पैसे वेळेत यायला लागलेले मी पाहिलेत. व्यापाऱ्यांनी मात्र लक्षात घ्यावं, त्यांना उद्यम नोंदणी बँकेच्या कर्जासाठी उपयोगी आहे, ४५ दिवसांचं हे संरक्षण त्यांना नाही.

कर्जासाठी सावकाराकडे जाण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जा. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम तिथून चालतो, त्यात १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. मुद्रा कर्ज आहे, हातगाडीवाल्यांसाठी स्वनिधीचं कर्ज आहे. आणि कर्जाची रक्कम मोठी असली की बँक बहुतेकदा आयकराची विवरणपत्रं मागते. कर वेळेवर भरलेला असणं उपयोगी पडतं ते इथे.

माझी मागणी फार मोठी नाही. महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड. यातल्या प्रत्येकात आठवड्यातून एक दिवस एक टेबल लावा. त्या टेबलावर घरपट्टीचा माणूस, राज्य जीएसटी विभागाचा एक माणूस आणि जिल्हा उद्योग केंद्राचा एक माणूस बसू दे. भिंतीवर मराठीत एक तक्ता असू दे: कोणता कर, कोणाला, किती तारखेपर्यंत. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना कारखानदारांसाठी मार्गदर्शन शिबिरं घेतात, ते चांगलंच आहे, पण पंचवटीतली पूजासाहित्य विकणारी बाई सातपूरच्या सभागृहात जाणार नाही. तिच्यापर्यंत तुम्हाला यावं लागेल.

आणि हे आत्ताच व्हायला हवं. २०२७ च्या सिंहस्थासाठी रामकुंडापासून त्र्यंबकच्या रस्त्यापर्यंत कितीतरी नवी लहान दुकानं, खानावळी, घरगुती राहण्याच्या सोयी उभ्या राहतील. हे सगळे लोक पहिल्यांदाच धंद्यात उतरलेले असतील. त्यांना पहिल्या दिवशी माहिती दिली तर ते पहिल्या वर्षापासून कर भरतील. नाहीतर कुंभ संपल्यावर दोन वर्षांनी नोटिसा निघतील, तेव्हा यातली बरीच दुकानं बंद झालेली असतील आणि नोटिसा त्या दुकानदारांच्या घरच्या पत्त्यावर जातील.

तुमच्या प्रभागात हे टेबल लागावं असं वाटत असेल तर विभागीय अधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या. मी नवीन नाशिक कार्यालयासाठी अर्ज लिहिलाय, व्यापारी संघटनेच्या दोन पदाधिकाऱ्यांनी सही करायचं कबूल केलंय. ज्यांना मसुदा हवा त्यांनी मेसेज करा, मी पाठवते.