आमच्या घरचे आदर्श दांपत्य

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सौभाग्यवतींना चक्रवाकांची जोडी भेट द्यावी, हा विचार मला सुचला तो कवडीपाटला. हिवाळ्यात मुळा-मुठेच्या त्या बंधाऱ्यावर केशरी रंगाचे चक्रवाक दुकट्याने बसलेले दिसतात, आणि रात्रभर ताटातूट होऊन एकमेकांना हाका मारणारे संस्कृत कवींचे चक्रवाक ते हेच, हे एकदा कळले की चांगल्या हिशेबी माणसाचेही डोके फिरते. सोबतच्या मित्राने मला लगेच भानावर आणले. आपल्याकडची रानबदके पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा रौप्यमहोत्सव येरवड्यात साजरा करायचा नसेल तर मँडरिन बदके घे, असे तो म्हणाला.

मँडरिन हे मूळचे चीन, जपान, कोरिया आणि रशियाच्या पूर्व टोकाकडचे बदक. नराच्या अंगावर रंगांची अशी उधळण असते की पैठणीने मान खाली घालावी : गालांवर केशरी कल्ले, जांभळी छाती, आणि पाठीवर शिडासारखी उभी राहणारी दोन केशरी पिसे. पूर्वेकडे ही जोडी दांपत्यनिष्ठेचे प्रतीक मानतात आणि कोरियात तर लग्नात लाकडी बदकांची जोडी देण्याची प्रथा आहे. (लाकडी बदकांना पाणी लागत नाही, हे कोरियन लोकांचे शहाणपण माझ्या लक्षात फार उशिरा आले.)

सहकारनगरातल्या आमच्या अंगणात आंब्याभोवती जाळीचे मोठे दालन उभे राहिले, कारण तळजाईच्या बाजूने येणाऱ्या मुंगसांना बदकांच्या सौंदर्यात निराळाच रस असतो. आत पाचशे लिटरचा हौद केला. बदक हा प्राणी दाणे खातो, चोच हौदात खळबळून धुतो, तीच ओली चोच मातीत खुपसतो आणि पुन्हा हौदाकडे वळतो. सकाळी काचेसारखे असलेले पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरव्या चटणीच्या वळणावर जाते. महापालिकेचे पाणी यायचे सकाळी दोन तास, आणि त्यातला पहिला मान बदकांचा. "अहो, त्यांना रोज अभ्यंगस्नान आणि मला केस धुवायला रविवारची वाट बघायची," हे वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा ऐकले की पुढे पुढे ते पहिल्याच शब्दावर मला पुरे होई. हौदाचे उतरवलेले पाणी घालून घालून जास्वंद आणि कढीपत्ता मात्र असे माजले, की कढीपत्त्यासाठी येणाऱ्या शेजारणींनी बदकांच्या वासाबद्दलची तक्रार आपण होऊन मागे घेतली.

रानात हे बदक झाडाच्या ढोलीत अंडी घालते, म्हणून आंब्याच्या बुंध्याला सात फुटांवर लाकडी खोके ठोकले होते. एप्रिलमध्ये मादीने त्यात रोज एक याप्रमाणे नऊ अंडी घातली, स्वतःच्या छातीची मऊ पिसे उपटून त्यांवर पसरली आणि ती बसली. उबवणीला अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात आणि ते काम सर्वस्वी मादीचे. दांपत्यनिष्ठेचे प्रतीक या काळात हौदात तरंगत होते, नाहीतर सावलीत एका पायावर डुलक्या घेत होते. ही खरे तर त्या जातीची रीतच आहे. पिल्ले बाहेर येईपर्यंत रानातला नर बहुधा निघूनही गेलेला असतो. हे मी अभ्यासपूर्वक समजावून सांगितले. त्यावर सौभाग्यवतींनी आमच्या थोरल्याच्या जन्माच्या वेळी मी दिल्लीला कामानिमित्त गेलो होतो, एवढीच आठवण करून दिली.

एकोणतिसाव्या दिवशी खोक्यातून चिवचिव ऐकू आली. दुसऱ्या सकाळी मादी खाली उतरून मान उंचावत हलकेच साद घालू लागली, आणि खोक्याच्या भोकात लिंबाएवढे एक पिवळे-तपकिरी डोके दिसले. सात फूट उंची आणि एका दिवसाचे वय! मी धावत जाऊन घरातली जाड गोधडी आणली आणि चारही टोके खेचून बुंध्याशी पसरली. पिल्लाने गोधडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि इवले पंख पसरून नेमकी दुसऱ्या बाजूच्या कोरड्या पाचोळ्यावर उडी घेतली. कापसाच्या बोळ्यासारखे ते एकदा उसळले, उठले आणि आईकडे पळाले. उरलेल्या सहांनीही तीच बाजू पसंत केली. त्या गोधडीवर पाय फक्त मीच दिला, आणि ती लग्नात आलेली होती.

जुलैत आत्याबाई खास 'ती रंगीत जोडी' पाहायला आल्या, तोवर नराने सगळा साज उतरवला होता. विणीनंतर नराची पिसे झडतात आणि काही महिने तो अगदी मादीसारखा करडा दिसतो. "दोन्ही माद्याच आहेत रे, फसवलंन् तुला," आत्याबाईंनी निकाल दिला. मी चोचीच्या लालसर रंगाकडे बोट दाखवून तोच नर असल्याचे सिद्ध करू पाहिले, पण एवढ्या पैशांत नुसती चोच मिळते हे त्यांना पटेना.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत पिल्ले आईएवढी झाली होती, आणि एके सकाळी नर पुन्हा कल्ले फुलवून, शिडे उभारून मादीपुढे झुलत मिरवू लागला. चहाचा कप घेऊन सौभाग्यवती जाळीपाशी आल्या, क्षणभर त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आले बघा, सगळं उरकल्यावर."