कुलूप-स्वयंवर

माझी मोटरसायकल चोरण्यासारखी नाही, हे आधीच सांगून टाकतो. पंधरा वर्षांची आहे. सीट दोन ठिकाणी शिवलेली, उजवा आरसा मिरजेत एका रिक्षानं नेला तो नेलाच. चालू करायची तर चोक अर्धा ओढायचा, गाडी डावीकडं कलवायची, तीन किका कोरड्या मारायच्या आणि चौथीला मनात गणपती आणायचा. ज्याला हे ठाऊक नाही असा चोर तिला फार तर ढकलत सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत नेईल आणि तिथं कठड्याला लावून, घाम पुसत, चालत सांगलवाडीला जाईल.

पण आषाढीच्या आदल्या दिवशी गल्लीच्या ग्रुपवर मेसेज आला : ‘पेठेतून गाड्या चोरीला जात आहेत, सावध राहा.’ कुणाची गाडी, कधी, कुठून, काही पत्ता नाही. खाली फक्त हात जोडलेली बारा चित्रं. हिनं तो वाचला आणि मी शाबू आणायला निघालो असताना पिशवीबरोबर हातात कुलूपही ठेवलं.

“हे लावा जाताना. उगीच पडून आहे घरात.”

कुलूप म्हणजे डिस्क लॉक. २०१८ साली ४५० रुपयांना घेतलेला, मुठीएवढा पोलादी ठोकळा. पुढच्या चाकाला ब्रेकची जी चकती असते, तिच्या एका भोकात याची करंगळीहून बारीक पिन घालायची आणि वरचं बटण दाबायचं. खट्ट! चाक फिरू लागलं की ठोकळा चकती धरणाऱ्या ब्रेकच्या चिमट्याला अडकतो आणि गाडी जागेवर. लावायला चावी लागत नाही, फक्त काढायला लागते. ही युक्ती ज्यानं काढली त्याला माझ्यासारखी माणसं माहीत नसणार. सोबत एक भगवी, स्प्रिंगसारखी दोरी मिळाली होती. ती हँडलला अडकवायची, म्हणजे कुलूप लावलंय हे विसरून माणूस गाडी दामटत नाही आणि तोंडावर आपटत नाही. ती दोरी हिनं पहिल्याच आठवड्यात गॅसच्या लायटरला बांधली. आमचा लायटर अजून कुणी चोरलेला नाही.

मधली एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेनं आयर्विनपाशी ५७ फूट गाठले. बाहेरच्यांसाठी सांगतो, तिथं ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका आणि त्याच्यावर म्हणजे गावभागातल्या माणसानं टीव्ही माळ्यावर टाकायचा. आम्ही टीव्ही माळ्यावर टाकला, देव डब्यात घेतले, गाडी विश्रामबागला मेव्हण्याच्या दारात नेऊन लावली. कुलूप जिन्याखालच्या खणात राहिलं आणि पाणी उतरेपर्यंत तिथंच बुडालेलं होतं. पुढं घर धुताना गाळात सापडलं, नळाखाली धरलं, फडक्यानं पुसलं. चांगलं चकाकलं. परत खणात गेलं.

तर गणपती पेठेत शेठच्या दुकानासमोर गाडी लावली, कुलूप चकतीत घातलं आणि बटण दाबलं. खट्ट. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दोन किलो शाबू, एक किलो शेंगदाणे घेतले, बाहेर आलो, पिशवी हँडलला अडकवली, उकिडवा बसलो आणि चावी घातली.

चावी गेली. फिरली मात्र नाही.

पहिल्यांदा माणूस चावी उलटी घालून बघतो. मग काढून तिच्याकडं बघतो. मग शर्टाला पुसतो. हे सगळं करून झालं. तिसऱ्यांदा चावी थोडी, म्हणजे केसभर, हलली आणि आत काहीतरी करकरलं. दाताखाली खडा यावा तसं. मला उगीच आशा वाटली.

“लावायच्या आधी चावी फिरवून बघितली नव्हती व्हय?” वरून आवाज आला. तात्या. एसटीतनं निवृत्त झाल्यापासून शेठच्या दुकानाची पायरी ही त्यांची खुर्ची आहे.

“नाही बघितली.”

“बघायची असती.” एवढं बोलून तात्यांनी रस्त्याकडं तोंड करून हाक दिली, “या रे, यांचं कुलूप अडकलंय!”

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगाच नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथंच, आणि त्या तारखेला, ५ नोव्हेंबरला, आख्खा महाराष्ट्र रंगभूमी दिन साजरा करतो. त्या खेळात म्हणे सूत्रधार पदं गायचा आणि बाकीची पात्रं आपापली भाषणं ऐन वेळी, मनानंच करायची. ही परंपरा खंडित झालेली नाही. सूत्रधार पायरीवर बसलेला होता, धनुष्य माझ्या चाकाला लटकत होतं, आणि देशोदेशीचे राजे मिशांवर हात फिरवत येऊ लागले.

पहिला मान शेठच्या दुकानातल्या पोराचा. त्यानं न विचारता खोबरेलाची अख्खी बाटली भोकात उलटी केली. मग चहावाल्यानं कुठून तरी मशीनचं तेल आणलं. तेल आत गेलं असेल थेंबभर, बाकीचं चकतीवरून ओघळून ब्रेकच्या चिमट्यात शिरलं. शाळेच्या दप्तरासकट थांबलेला एक मुलगा म्हणाला, “काका, पेन्सिलीचं शिसं उगाळून घाला. तेलानं चिकट होतं.” संबंध दिवसात एवढं एकच शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं, आणि त्याला “तू शाळंला जा” म्हणून सगळ्यांनी हाकललं. हळदीच्या एका अडत्यानं तर खिशातून पुडी काढली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून ती कशाकशावर चालते याला धरबंध राहिलेला नाही. मी हात जोडले. पुडी परत खिशात गेली, पण माणूस दुखावला.

“ठोकायला पायजे,” तात्यांनी पद म्हटलं. “चावी हलक्या हातानं फिरवत राहायची आन् वरनं टिचक्या मारायच्या. आतल्या पिना झटकत्यात.”

खरं तर हे बरोबर होतं. लाकडी ठोकळा घेऊन मीच टक टक करू लागलो आणि पाचव्या-सहाव्या टिचकीला चावी पाव फेरा फिरली! जमाव “हां हां” करू लागला. एवढ्यात मागून एक हात आला. मनगटात कडं, बोटात तीन अंगठ्या. “सरका, तुमच्यात जोर न्हाई.” मी सरकलो, ही माझी चूक. त्यानं दात खाऊन पिळा दिला. कडाक! चावीची मूठ त्याच्या हातात आणि पातं कुलपात. शिवाय हात सटकून अंगठीचं बोट चकती आणि ठोकळा यांच्यामध्ये सापडलं. सीतेच्या स्वयंवरात धनुष्य रावणाच्या छातीवर पडलं असं आजी सांगायची. इथला रावण बोट तोंडात घालून गर्दीत जो मिसळला तो शेवटपर्यंत दिसला नाही. चावीची मूठही त्याच्याच बरोबर गेली.

आता लोकांना खरा चेव चढला. हॅक्सॉ आला. दहा मिनिटं घासल्यावर कुलपावर नखानं ओढल्यासारखी एक रेघ उमटली आणि पात्याचे दात मात्र साफ गेले. असलं पोलाद तापवून पाणी दिलेलं असतं, पातं त्यावर नुसतं घसरतं. मग कुणीतरी ग्राइंडरचं नाव काढलं. शेजारच्या बोळात फॅब्रिकेशनचं दुकान आहे, तिथनं वायर ओढायची, दोन मिनिटांत काम. यावर शेठ पहिल्यांदाच गादीवरून उठले.

“ओ, ठिणग्या उडत्यात त्याच्या! वर पेट्रोलची टाकी, बाजूला माझी बारदानं. आख्खी पेठ पेटवताय का शाबूपायी?”

शेठना तशीही घाई होती. माझी गाडी बरोबर दुकानाच्या तोंडाशी आणि मागं जतचा टेम्पो भरायला येऊन हॉर्न वाजवत उभा. हमाल म्हणाले, “उचलून ठिवू की.” आणि ठेवलीही! चौघांनी मोटरसायकल वासरू उचलावं तशी उचलली आणि चार हात पलीकडं जतला जायच्या पोत्यांच्या थप्पीला टेकवली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या कुलपाला भिणारा या जगात मी एकटाच आहे.

चावीवाला आला. आल्या आल्या म्हणाला, “आरसी बुक दाखवा.”

“अहो, माझीच गाडी आहे. हे सगळे ओळखतात मला.”

तो गर्दीकडं वळला. गर्दी, जी तासभर माझ्या खांद्यावर हात ठेवून सल्ले देत होती, ती एकदम विचारात पडली. “तसं तोंडओळख हाय,” तात्या म्हणाले. शेवटी मोबाइलमधलं आरसी दाखवलं. त्यानं बारीक आकड्यानं तुटलेलं पातं अलगद बाहेर काढलं, तारा घालून पिना चाचपल्या, डोळा लावून आत बघितलं आणि विचारलं, “पुरातलं हाय का?”

मी मान हलवली.

“मग न्हाई व्हायचं. गाळ बसलाय. त्यात तुम्ही तेल घातलंय. लोणचं झालंय आत.” पन्नास रुपये घेऊन तो गेला.

आणि मग श्रीराम आले. सतरा-अठरा वर्षांचे. कानामागं स्क्रू ड्रायव्हर, चड्डीला ग्रीस. टिळक चौकाच्या पुढच्या बोळातल्या गॅरेजातलं पोरगं, चहा सांगायला आलेलं. त्यानं कुलपाकडं बघितलंसुद्धा नाही. चाकाकडं बघितलं.

“कुलूप कशाला काढताय? चाक काढा की.”

एवढ्या माणसांत इतकी शांतता मी पेठेत कधी ऐकलेली नाही. टेम्पोवाल्यानंही हॉर्नवरचा हात काढला.

पोरानं पिशवी काढून बाजूला दिली, गाडी मेन स्टँडवर घेतली आणि दोन हमालांना मागच्या सीटवर बसवलं. पुढचं चाक आपोआप अधांतरी झालं. एक्सलचा नट सैल केला, मीटरची केबल सोडवली, एक्सल ओढला आणि चाक चकतीसकट, कुलपासकट चिमट्यातून खाली घसरून त्याच्या हातात. पाच मिनिटंही लागली नसतील. म्हणजे चोराला माझं चाक सोडून बाकी सगळी गाडी न्यायला पाच मिनिटं पुरली असती, हे त्याच वेळी माझ्या ध्यानात आलं. फोर्कखाली तेलाचे रिकामे डबे लावले, पोरानं चाक खांद्यावर टाकलं आणि जाता जाता मागं वळून बजावलं, “ब्रेक कुणी दाबायचा न्हाई. चकती नसताना दाबला तर पॅड चिकटत्यात.”

गॅरेजात त्यानं बोल्ट काढून चकती सुटी केली आणि कुलूप व्हाइसमध्ये आवळलं. “अंग पोलादी असतंय, पर चावीची नळी पितळंची,” तो म्हणाला. भोकाच्या जरा वर पंचानं खूण केली, आधी बारीक ड्रिल घातलं, मग त्याहून जाड. आधी पितळेचे सोन्यासारखे कीस वळ्या वळ्यांनी बाहेर आले. मग एकेक पिन तुटत गेली तसा ड्रिलचा आवाज बदलला आणि कीस थांबून करड्या रंगाचं काहीतरी पडायला लागलं. तेलात माखलेलं, पण बोटानं चिरडलं तर मऊ. मी ओळखलं. आमच्या घराच्या भिंतीवर, पंख्याच्या पात्याला, देव्हाऱ्याच्या कप्प्यात, सगळीकडं हाच रंग होता. चिमूटभर असेल. पोरगं म्हणालं, “अजून निघतोय का ओ पूर?” आणि फुंकर मारून उडवून दिला. पिन सुटली. कुलूप उघडं पडलं.

तेल लागलेले ब्रेकचे पॅड बदलावे लागले. “तेल प्यालेला ब्रेक लागत न्हाई, काका. थेट नदीत जाल.” चकती थिनरनं धुतली. सगळे मिळून, कुलपाच्या किमतीपेक्षा जास्तच गेले. चाक घेऊन पेठेत परतलो तर टेम्पो गेलेला, थप्पी गेलेली, गर्दी पांगलेली. माझी गाडी डब्यांवर हनुवटी टेकून बसली होती. पोरगं चाक बसवायला वाकलं आणि थांबलं.

“कुणी दाबला ब्रेक?”

कुणीच बोलेना. मग पायरीवरून तात्या म्हणाले, “मी बघत हुतो, लागतोय का.”

चिमट्याचे पॅड एकमेकांना मिठी मारून बसले होते. ते स्क्रू ड्रायव्हरनं उचकटण्यात आणखी वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात शेठनी मेलेलं कुलूप उचलून बिलांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. “वजनाला बरं हाय,” म्हणाले. मी हरकत घेतली नाही.

घरी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. हिनं गाडीकडं बघितलं, माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्या मोकळ्या हँडलकडं बघितलं.

“शाबू?”

मी पायऱ्या उतरून परत गाडीपाशी गेलो, जणू ती सीटखाली असणार होती. मग आठवलं. पोरानं पिशवी काढून बाजूला दिली होती, ती कुणीतरी थप्पीवर ठेवली होती, आणि थप्पी टेम्पोत चढली होती. उद्या आषाढी. मी शेठना फोन लावला. त्यांनी ड्रायव्हरला लावला. रात्री आठ वाजता त्यांचा उलटा फोन आला.

“पिशवी सापडली बघा. जतला हाय. काळजी करू नका, ड्रायव्हरनं केबिनमध्ये ठेवून कुलूप घातलंय.”