कचरा बाहेर जातो, तसा माल आत का येत नाही?

मंडळी, सणासुदीच्या संध्याकाळी इंदूरच्या सीतलामाता बाजारात शहाणा माणूस चारचाकी घालत नाही. लोडिंग रिक्षा मात्र घुसतेच. साड्यांची पार्सलं उतरवायला ती एका दुकानापुढे थांबली, की मागे राजवाड्यापर्यंत सगळं ठप्प. ड्रायव्हरला तरी काय बोलणार? माल दारात द्यायचाय आणि उभं राहायला जागा नाही. आपल्याकडे यावर एकच औषध: रस्ता रुंद करा. त्यात कुणाची किती घरं कापली गेली, ते बडा गणपती रस्त्यावरच्या लोकांना विचारा.

माझं म्हणणं, रस्ता राहू द्या, गाडी बदला. पुढे किंवा मागे मोठी पेटी आणि पॅडलला जोर देणारी छोटी मोटर, अशी कार्गो सायकल. कोपनहेगनच्या ख्रिस्तियानिया वस्तीत १९८४ मध्येच अशी पेटीवाली तीनचाकी सायकल बनली, तेव्हा बिनमोटरची. लंडनच्या मध्यभागाबद्दल २०२१ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात तासाला व्हॅनची ६ पार्सलं पोचली तर सायकलची १०. सायकलला पार्किंग शोधत फिरावं लागत नाही, एवढीच जादू.

“म्हणजे आपला पॅडलचा ठेलाच की,” काका म्हणाले. हो, पण ठेल्याला गिअर नाही, ब्रेक नावापुरता. भरला ठेला एकदा थांबला की पुन्हा हलवताना माणसाला धाप लागते. मोटर नेमकी तिथेच कामाला येते. ती २५० वॉटच्या आतली असेल आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत बंद होत असेल, तर आपल्याकडे रजिस्ट्रेशनचीही भानगड नाही.

खरी अडचण सायकलची नाहीच, माल उतरवायच्या जागेची आहे. आणि इंदूरला हे कुणी शिकवायला नको! दारावर छोटी कचरागाडी येते, ट्रान्सफर स्टेशनवर रिकामी होते, तिथून मोठी गाडी देवगुराड्याच्या कचरा डेपोवर जाते. गल्लीत ट्रक कुणी आणत नाही. हेच उलट्या दिशेने करा ना. जुन्या बाजाराच्या कडेला महापालिकेच्या एखाद्या पार्किंगचा तळमजला द्या. मोठ्या गाड्या तिथवर, पुढे सायकल.

सगळा माल असा जाणार नाही, हे कबूल. क्लॉथ मार्केटच्या गाठी किंवा सियागंजच्या किराण्याची पोती सायकलवर लादणं म्हणजे चालवणाऱ्यावर सूड उगवणं. त्यांच्यासाठी दुकानं उघडण्याआधीची सकाळची वेळ ठेवा. आणि हो, चालवणाऱ्याला पार्सलमागे चिल्लर नको, दिवसाचा ठरलेला पगार हवा. नाहीतर हम्मालाच्या डोक्यावरचं ओझं त्याच्या पायांवर आलं, एवढंच होईल.

सुरुवात मी औषधांपासून करीन. दवा बाजारातून राजवाड्याच्या आसपासच्या मेडिकलवाल्यांकडे दिवसभर छोटी-छोटी खोकी जातच असतात. वजन कमी, अंतर थोडं, फेऱ्या भरपूर. दोन-चार होलसेलवाल्यांनी मिळून एक सायकल घेतली, तरी हिशेब लगेच कळेल. कुणाची ओळख असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा.